संक्रांतीपर्यंतची सवड

सांगलीच्या आमच्या ऑफिसात खिडकीसमोरच्या भिंतीवर चौदा फूट लांबीचा एक कागद टाचलेला असे. सगळा कालवा त्या कागदावर होता, पण नकाशा म्हणून नव्हे. कालव्याचं एकेक काम म्हणजे एकेक बाण. मोजणी, घरं हलवणं, खोदकाम, अस्तर, मोऱ्या, ओढ्यावरचा जलसेतू. बाणाच्या शेपटीशी काम सुरू व्हायचं, टोकाशी संपायचं, आणि ते संपलं की तिथूनच पुढच्या कामाचा बाण निघायचा. शिपाई त्याला जाळं म्हणायचा आणि आठवड्यातून एकदा त्यावरून कुंचा फिरवायचा. त्यातल्या प्रत्येक बाणाची तारीख काढणं हे माझं काम होतं, म्हणून हेडक्लार्क मला पंचांगवाले म्हणायचे. अहो पंचांगवाले, आमच्या बदलीला मुहूर्त कधीचा, असं ते रोज सकाळी मस्टरवर सही करताना विचारत आणि स्वतःच हसत. मीही हसायचो. तेवढं हसण्याला फारसं काही लागत नाही.

हे सत्तरच्या दशकाच्या मधल्या वर्षांतलं. कॉम्प्युटर हा शब्द आम्हाला वर्तमानपत्रातून माहीत होता. आमच्याकडे गोल दांड्याचं एक गणकयंत्र होतं, ते फिरवलं की करकर वाजायचं, आणि ते बहुधा बिघडलेलंच असे. त्यामुळे तारखा मी हातानं काढायचो. आधी डावीकडून उजवीकडे बेरीज करत जायचं, म्हणजे प्रत्येक काम लवकरात लवकर कधी सुरू होऊ शकतं ते कळे. मग उजव्या टोकापासून उलटी वजाबाकी करत यायचं, म्हणजे तेच काम उशिरात उशिरा कधी सुरू केलं तरी चालेल ते कळे. दोन तारखांमधलं जे अंतर, ती त्या कामाची सवड.

हे सगळं आमचे साहेब पुण्याहून शिकून आले होते. तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला गेले आणि येताना आलेख-कागदाच्या गुंडाळ्या घेऊन आले. पहिल्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना बसवून स्वयंपाकाचं उदाहरण दिलं. भाताला वीस मिनिटं लागतात, चटणीला पाच. पानं एकदम वाढायची असतील तर चटणीला पंधरा मिनिटं सवड आहे, भाताला अजिबात नाही. हेडक्लार्क म्हणाले, आमच्याकडे भात झाल्यावर चटणीची आठवण होते. साहेब मोठ्यानं हसले. चांगला माणूस होता. सरकारी नोकरीत एवढा उत्साह मी त्यानंतर कुणात पाहिला नाही.

साहेबांचा एक नियम मात्र पक्का होता. सवड आहे म्हणून ती वापरायची नाही. प्रत्येक काम त्याच्या लवकरच्या तारखेलाच सुरू करायचं, कारण पाऊस येतो, सिमेंट येत नाही, कॉन्ट्रॅक्टरचा मुकादम लग्नाला गेला की आठ दिवस दिसत नाही. सवड अडचणीसाठी राखून ठेवायची. एखादं काम ठरावीक दिवसाआधी सुरूच होऊ द्यायचं नसेल, तर त्याला वेगळी सोय होती. त्या बाणाच्या शेपटीवर लाल डोक्याची टाचणी मारायची आणि बाजूला तारीख लिहायची. टाचणी म्हणजे याआधी नाही. टाचणी साहेबांच्या परवानगीशिवाय लागत नसे, पण लावायचो मी. मग पुन्हा बेरजा, पुन्हा वजाबाक्या, आणि दर पंधरवड्याला एक यादी. येत्या पंधरा दिवसांत कोणती कामं सुरू करायची, त्यांची यादी. ती मी कार्बन घालून लिहायचो आणि ती जीपबरोबर प्रत्येक साइटच्या ओव्हरसिअरकडे जायची. साइटवर तो चौदा फुटी कागद कुणी पाहिलेला नव्हता. त्यांना यादी माहीत.

मी मूळचा साताऱ्याचा. तिथल्याच ऑफिसात लागलो होतो. त्या वर्षी मार्चात वडील गेले आणि जूनमध्ये माझी सांगलीला बदली झाली. वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. थोरला भाऊ रडला, आई रडली, शेजारचे मास्तर रडले. मी तिरडीचं सामान आणलं, कुणाला तार करायची ते लिहून काढलं, माहुलीच्या स्मशानात नेताना कोण कुठल्या गाडीत बसेल ते ठरवलं. तेरा दिवस मी कामात होतो आणि चौदाव्या दिवशी ऑफिसात. लोक म्हणाले, धीराचा आहे. आई तसं म्हणाली नाही. ती माझ्याकडे बघायची आणि पुन्हा चुलीकडे वळायची. मला खरोखरच काही वाटत नव्हतं. जेवण जेवण वाटत नव्हतं आणि झोप झोप वाटत नव्हती. आतून बधिर झालो होतो, आणि आकडे हे बधिर माणसाला फार सोयीचे असतात, ते काही विचारत नाहीत.

सांगलीत गावभागात एका जैन व्यापाऱ्याच्या घरामागची खोली मिळाली. ते कुटुंब दिवस मावळायच्या आत जेवून मोकळं व्हायचं. मी ऑफिसातून यायचो तेव्हा त्यांची भांडी घासून पालथी घातलेली असत. मालकीणबाई पहिल्या आठवड्यात दोनदा म्हणाल्या, की लवकर येत जा, आमच्यातच जेवा. मी बघू म्हणालो आणि गेलो नाही. दर पंधरा दिवसांनी एसटीनं साताऱ्याला जायचो, आईच्या हातात पगारातले पैसे ठेवायचो, रविवारी परत. आई विचारायची, काम कसलं असतं रे तुझं. मी म्हणायचो, तारखा काढतो.

दसऱ्याच्या आधी साहेबांनी मला साइट बघून यायला सांगितलं. म्हणाले, कागदावरच्या कामांची तोंडं तरी बघा. तीन दिवस जीपमधून फिरलो. शेवटचा मुक्काम आटपाडीकडच्या एका गावात. तिकडं पाऊस नावालाच. कालव्याच्या आखणीत चार घरं येत होती, त्यातली तीन उठून नव्या जागी गेली होती. एक राहिलं होतं. धाब्याचं घर, वर मातीचं सपाट माळवद, दोन खणांचं, पुढं ओटा आणि एक लिंब. भिंतीला चुन्याची खूण करून ठेवलेली.

घरात सासू आणि सून. सासू पन्नाशीची असेल, उंच, काटक. मुलगा पलटणीत होता, तिकडं वर काश्मीरकडे कुठेतरी. सुनेला सातवा सरून आठवा लागला होता. पहिली एक पोर, दोन-अडीच वर्षांची, ती माझ्या बुटाची नाडी सोडवत बसली. सासूनं गुळाचा चहा दिला. मी कप खाली ठेवल्यावर म्हणाली,

“आवं सायेब, घर द्यायचं न्हाई असं न्हाई. कॅनॉल आला तर आमाला बी पानी हाय. पर सून दिवाळीनंतर बाळंत व्हनार. सव्वा महिना बाळंतिणीनं उंबरा वलांडायचा नसतो. तेवढं व्हऊ द्या. मग आमी आमच्या हातानं माळवद उतरून देतो.”

मी वहीत आकडे मांडले. बाळंतपण कार्तिकात, त्यावर सव्वा महिना, म्हणजे डिसेंबरची अखेर. तिथलं खोदकाम डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. पण त्याला सवड होती, भरपूर होती. पुढच्या ओढ्यावरचा जलसेतू फेब्रुवारीअखेरीआधी पुरा होत नव्हता, आणि तो झाल्याशिवाय खोदलेल्या कालव्याचं कुणी काही करणार नव्हतं. इतक्या सोप्या बेरजेनं एखाद्याचं काम होतं, हे मला ऑफिसात बसून कळलं नसतं. मी म्हणालो, मावशी, संक्रांत झाल्याशिवाय इथं कुदळ लागणार नाही.

तिनं मला पुन्हा विचारलं, संक्रांत का. मी म्हणालो, हो, संक्रांत. ती आत गेली आणि सुनेला सांगितलं. सून दाराशी आली. चौथी शिकलेली आहे, पत्रं तीच लिहिते, असं सासू म्हणाली. सुनेनं विचारलं, लिहून देताय का. मी म्हणालो, लिहूनच ठेवणार आहे, ऑफिसातल्या मोठ्या कागदावर. त्यावर तिनं माझं नाव तेवढं विचारून घेतलं. परत येताना जीपमध्ये मला बरं वाटत होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण त्या वर्षात मला बरं वाटल्याचं दुसरं काही आठवत नाही.

साहेबांनी लगेच होकार दिला. उलट खूश झाले. सवड कशासाठी असते, तर यासाठीच, म्हणाले, आणि हेडक्लार्कना बोलावून ऐकवलं, की बघा, आपला शिपाई ज्याला जाळं म्हणतो त्यानं एका बाळंतिणीची सोय झाली. मी लाल टाचणी काढली आणि त्या गावच्या खोदकामाच्या बाणावर मारली. बाजूला लिहिलं, संक्रांतीनंतरचा सोमवार. मग नेहमीप्रमाणे बेरजा केल्या, वजाबाक्या केल्या. सगळं जुळलं. शेवटची तारीख एका दिवसानंही हलली नाही. साहेबांनी पाठ थोपटली.

आता चूक सांगतो. समजायला ती अगदी सोपी आहे, आणि ती न समजण्याइतका मी मूर्ख नव्हतो. खोदकामाच्या बाणाच्या डावीकडं अजून एक छोटा बाण होता. घर हलवणे, आठ दिवस. आधी घर हलायचं, मग खोदायचं. मी टाचणी मारली खोदकामाला. घर हलवण्याच्या बाणाला मी हात लावला नाही. आणि आमच्या पद्धतीत टाचणी फक्त स्वतःच्या बाणाला आणि त्याच्या उजवीकडच्यांना अडवते. डावीकडच्या कामाला ती मागं ओढत नाही. डावीकडचं काम आपल्या लवकरच्या तारखेला सुरू व्हायला मोकळंच राहतं, कारण नियम तसा आहे. फक्त ते संपल्यावर पुढच्या कामापर्यंतचे मोकळे दिवस वाढतात. घर हलवण्याची तारीख होती नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा. ती तिथंच राहिली. आधी घर हलल्यावर खोदकामापर्यंत मोकळे दिवस जेमतेम होते, आता जवळजवळ सात आठवडे झाले. हा वाढलेला आकडा मी स्वतः, त्या बाणाखाली, हिरव्या पेन्सिलीनं लिहिला. लिहिताना मला त्यात घर दिसलं नाही.

पुढं नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्याची यादी निघाली. बावीस कामं होती. सतरावं, गावाचं नाव आणि पुढं, घर हलवणे, एक. कार्बनसाठी दाबून लिहायची सवय असल्यानं माझं अक्षर ठळक होतं. खाली माझी सही. त्या दिवशी सकाळी मी काय खाल्लं, पाऊस होता की ऊन, काही आठवत नाही. यादी लिहिल्याचंही आठवत नाही. पण अक्षर माझं आहे.

पुष्कळ वर्षांनी एका तरुण इंजिनिअरनं मला कॉम्प्युटरवर हीच पद्धत दाखवली. माऊसनं एका कामाला टाचणी मारली आणि म्हणाला, बघा, आता हे याआधी सुरू होणार नाही. मी विचारलं, याच्या आधीचं काम? तो म्हणाला, ते कशाला हलेल, ते लवकर उरकलं तर चांगलंच ना. मी म्हणालो, ज्याच्या घरात तू शिरणार आहेस त्याला विचार. तो गोंधळला. मला नंतर वाईट वाटलं, त्याचा काही दोष नव्हता. माझा स्वभाव सांगलीच्या त्या वर्षापासून असा तिरसट झालाय, आणि घरच्यांनी त्याचं कारण वय असं ठरवून टाकलंय.

डिसेंबरच्या सुरुवातीला जलसेतूचे खांब बघायला मला पुन्हा तिकडं पाठवलं. खांब चांगले झाले होते. परतीच्या वाटेवर मी ड्रायव्हरला म्हणालो, त्या गावावरून घे. मला वाटलं होतं, बाळंतिणीला पाहावं, मुलगा झाला की मुलगी ते विचारावं. सांगलीतून येताना मी पेढ्यांचा पुडाही घेतला होता. असल्या गोष्टी मी करत नसे. पण घेतला होता.

जीप थांबली तेव्हा मला आधी वाटलं, गाव चुकलं. लिंब होता. ओटा होता, अर्धा. मागं सपाट माती. तुळ्या एका बाजूला रचून ठेवलेल्या, कुणीतरी नीट मोजून ठेवाव्यात तशा. चुलीची जागा काळी दिसत होती. आसपास एकही माणूस नव्हता. ना गडी, ना मुकादम, ना कुदळ. खोदकामाचा पत्ताच नव्हता, तो असणारही नव्हता. मी दिलेल्या शब्दाप्रमाणं तिथं कुदळ लागलेली नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, साहेब, हे तर कधीच पाडलंय. मी पिशवीतून यादीची कार्बन प्रत काढली. सतराव्या ओळीवर बोट ठेवलं. उन्हात उभा राहून ती ओळ तीन-चार वेळा वाचली. मला कळत होतं काय झालंय, पण ते कळणं छातीपर्यंत येत नव्हतं.

साइटचा ओव्हरसिअर गावातल्या चावडीत भेटला. माझ्याच वयाचा, साधा माणूस. त्यानं सगळं सरळ सांगितलं. यादी आली, तो गडी घेऊन गेला. बाई म्हणाली, सायबांनी संक्रांतीचा शब्द दिलाय. हा म्हणाला, यादी त्याच साहेबांची आहे. बाईचा विश्वास बसेना. तेव्हा आतून सून उठून आली, बाळंत होऊन सात दिवस झालेले. उंबऱ्याच्या आत उभी राहून तिनं यादी हातात घेतली आणि वाचली. खालची सही वाचली. मग ती सासूला म्हणाली, त्यांचंच हाय. आणि आत जाऊन बाळाला पटकुरात गुंडाळायला लागली. ओव्हरसिअर म्हणाला, तुम्ही टाचणीचं म्हणता, ते आम्हाला काय माहीत, आम्हाला यादी. मी म्हणालो, बरोबर आहे तुमचं. त्याचं बरोबरच होतं.

मग त्यानं मला आणखी एक गोष्ट सांगितली. मला ती माहीत असणार असं समजून त्यानं ती सांगितली. भाऊबीजेला सुनेचा भाऊ कोरेगावकडून आला होता, बहिणीला न्यायला. दुसरं बाळंतपण तसं सासरीच करायचं, पण घराचं असं झालंय तर माहेरी चल म्हणाला. पोरीलाही घेऊन चल म्हणाला. गाडीत बसायची तयारी झाली होती. सासूनं त्याला माघारी पाठवलं. सायबांनी संक्रांतीपर्यंत सवड दिली आहे, म्हणाली, कशाला गरवार बाईला एसटीत बसवता.

हे ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा काहीतरी झालं. रडू नव्हे. हातातली कार्बन प्रत मी घडी घालून पिशवीत ठेवली. यादीची चूक ही चूक होती, ती कुणाच्याही हातून झाली असती असं म्हणता आलं असतं. पण मी तिकडं गेलोच नसतो, गुळाचा चहा पिऊन बेरीज केलीच नसती, तर ती बाई कोरेगावात आपल्या आईच्या घरी बाजल्यावर असती. एवढं मात्र मला लगेच, स्पष्ट कळलं.

साहेबांना मी परत आल्यावर सगळं सांगितलं, ते इथंच सांगून टाकतो. ते त्या कागदासमोर जाऊन उभे राहिले. मग स्वतःच्या हातानं टाचणी काढली आणि डावीकडच्या बाणावर लावली, जिथं ती आता काही कामाची नव्हती. म्हणाले, मी परवानगी देताना बघायला हवं होतं. मला कुणी मेमो दिला नाही. त्यात नियमाबाहेर काहीच घडलं नव्हतं. खोदकाम संक्रांतीनंतरच्या सोमवारी सुरू झालं, अगदी त्याच दिवशी, आणि महिन्याच्या अहवालात वेळेवर सुरू झालेल्या कामांत ते मोजलं गेलं. घर पाडल्यापासून त्या सोमवारपर्यंत सात आठवडे ती जागा मोकळी पडून होती. शेळ्या बसायच्या, असं ओव्हरसिअर नंतर म्हणाला.

त्या दिवशी चावडीतून मी नव्या जागेकडं चालत गेलो. जीप नेली नाही. उघड्या माळावर खात्यानं बांधलेली पत्र्याची शेड होती, चार कुटुंबांसाठी चार खण. दुपारी पत्रा तापलेला होता, पण तिकडं डिसेंबरात रात्री काय होतं ते मला माहीत होतं. दोन-अडीच वर्षांची पोर बाहेर मातीत खेळत होती. सासू दारात सुपात धान्य निवडत बसली होती. मला बघून उठली, पदर नीट केला, बसा म्हणाली. मी बसलो. पेढ्यांचा पुडा माझ्या हातात होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि मग दुसरीकडं पाहिलं, तेव्हाच मला समजायला हवं होतं. तरी मी विचारलं. मुलगा की मुलगी.

मुलगा होता, तिनं सांगितलं. पाचवी घरात पुजली. इथं आल्यावर चौथ्या दिवशी छाती भरली. आटपाडीला दवाखान्यात नेलं, डॉक्टरनं सुई दिली. परत आणलं. बारशाच्या आदल्या दिवशी गेला. नाव ठेवायचं राहिलं, म्हणाली, आणि सुपातले खडे काढत राहिली. आवाज चढला नाही, डोळे भरले नाहीत. मी तिच्याकडं बघत होतो आणि ती काय करते आहे ते मला ओळखता येत होतं. मार्चातले तेरा दिवस मी तेच केलं होतं.

मी चूक सांगायला लागलो. बाण, टाचणी, डावीकडचं, उजवीकडचं. दोन वाक्यांत मला कळलं, की मी तिला नव्हे, स्वतःलाच सांगतोय. थांबलो. मग म्हणालो, माझ्या हातून झालं. तिनं मान हलवली. शिव्या दिल्या असत्या तर मला चाललं असतं. खरं तर मी त्याचीच वाट बघत होतो.

शेडमध्ये एक लुगडं आडवं टांगून आडोसा केला होता. त्याच्या मागं सून असणार. बाजल्याचा आवाज आला एकदा, मग आला नाही. सासूनं आडोशाकडं पाहिलं, सूप खाली ठेवलं आणि हात गुडघ्यावर पुसले.

“सायेब, एक इचारायचं हुतं. आमच्या घराच्या जागी खनायला कवा येनार हाईत?”

मी खोटं बोलू शकलो असतो. उद्या येतील म्हणालो असतो, तर घर पाडायला निदान घाई तरी होती असं झालं असतं. तिच्या मनाला तेवढा आधार मिळाला असता, आणि माझ्याही. पण तारखांबाबत खोटं बोलायची मला सवय नव्हती.

“संक्रांत झाल्यावर,” मी म्हणालो. “सोमवारी.”

ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. कार्तिक, मार्गशीर्ष. ओठ हलत होते. मोजून झाल्यावर तिनं पुन्हा एकदा मोजलं.

“म्हंजी सव्वा महिना झाला असता की.”

“हो,” मी म्हणालो. “झाला असता. वर पंधरा-वीस दिवस राहिले असते.”

तिनं मान हलवली, उठली आणि आडोशामागं गेली. हलक्या आवाजात तिनं सुनेला सांगितलं, व्हय म्हनत्यात, झाला असता. तेव्हा मला कळलं, की प्रश्न सुनेचा होता. मी पुडा हातात घेऊन बसून राहिलो, आणि वडील गेल्यानंतर पहिल्यांदाच मला रडू आलं.